उन्हाचे तास कुणाच्या वाट्याला

ॲरिझोना राज्यात, फीनिक्स महानगराच्या ईशान्य टोकाला, मॅकडॉवेल डोंगरांच्या पूर्वेकडच्या उतारावर फाउंटन हिल्स नावाचं गाव आहे. वस्ती साधारण चोवीस हजार. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला व्हर्डे नदीचं खोरं, आणि घरांची शेवटची ओळ संपली की लगेच सोनोरन वाळवंट. घरं मोठी, बहुतेकांच्या परसात पोहण्याचा तलाव. कमावती माणसं सकाळी स्कॉट्सडेल, फीनिक्स, चँडलरकडे कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. मी मात्र दिवसभर इथेच असते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी पन्नाशी ओलांडलेली असल्यामुळे गुडघे, खुबे आणि पाठी यांची कामं इथे भरपूर. घरोघरी जाऊन उपचार करायचे, हा माझा व्यवसाय.

हा दिनक्रम जुलैच्या अखेरच्या एका दिवसाचा आहे. जुलैचाच निवडला, कारण या गावात कोण कसा जगतो हे जुलैत कळतं. उरलेले आठ महिने इथली हवा सगळ्यांना सारखीच सुखाची असते.

पहाटे ४.४५

उठते तेव्हा बाहेर ३१ अंश असतात. चोवीस तासांतला हा सर्वांत थंड प्रहर. आमच्या शेजारच्या गल्लीत एका घराचं छप्पर बदलायचं काम चालू आहे. कौलं चढवणारी माणसं कपाळावर दिवे बांधून कामाला लागलेली असतात. व्हॅलीतल्या अनेक गावांत उन्हाळ्यापुरती बांधकाम लवकर सुरू करायला परवानगी मिळते. व्हॅली म्हणजे फीनिक्स आणि भोवतालची सगळी गावं. इथे कुणीच ‘महानगर’ म्हणत नाही.

अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. ॲरिझोना १९६८ पासून ते करत नाही. फक्त नावाहो या मूळनिवासी जमातीच्या राष्ट्राचा प्रदेश त्याला अपवाद. इथे सूर्य मावळण्याची वाट बघितली जाते. घड्याळ पुढे केलं तर संध्याकाळ एक तास लांबणार, आणि पोरं खेळायला बाहेर पडणार ती झोपायच्या वेळी. उन्हाच्या धाकाने एका राज्याने आपलं घड्याळ ठरवलं, ही गोष्ट मला इथे आल्यावर फार शहाणपणाची वाटली. इथली कुठलीही सोय बघितली की तिच्या मुळाशी वेळेचाच हिशेब निघतो.

पहाटे ५.१५

तळ्याभोवती फेरी. आमचं गाव या तळ्यासाठी आणि त्यातल्या कारंज्यासाठी ओळखलं जातं. १९६८ च्या सुमारास रॉबर्ट मॅकलॉक या लाकूड कापायच्या करवती बनवणाऱ्या उद्योगपतीने इथली गुरांची जुनी रँच विकत घेतली आणि माळावर गाव आखलं. त्याच सुमारास त्याने लंडनचा जुना पूल विकत घेऊन या राज्याच्या पश्चिम सीमेवरच्या लेक हवासू सिटीत आणून उभा केला. इथे माणसं यावीत म्हणून तळं खोदलं आणि डिसेंबर १९७० मध्ये त्यात कारंजं सुरू केलं. ते तेव्हा जगातलं सर्वांत उंच कारंजं होतं.

सुमारे ११ हेक्टरांचं हे तळं सांडपाणी शुद्ध करून मिळालेल्या पाण्याने भरलेलं असतं. गावातल्या मोऱ्यांमधून आणि संडासांतून गेलेलं पाणी शुद्ध होऊन इथे, बागांवर आणि गोल्फच्या हिरवळींवर येतं. कारंज्याकडे बोट दाखवून ‘वाळवंटात ही उधळपट्टी’ असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते. हवेत उडून वाफ होणारं पाणी वाया जातंच, ते मी नाकारत नाही. पण पिण्याचं पाणी त्यात नाही.

फेरी मारता मारता आईला फोन. ॲरिझोना आणि भारत यांच्यातलं अंतर बाराही महिने साडेबारा तासांचं, त्यामुळे तिच्या चहाची वेळ आणि माझ्या फेरीची वेळ कधी चुकत नाही. आई भिगवणजवळ असते. जुलैत तिचा पहिला विषय ठरलेला: उजनी धरणाचं पाणी.

“उजनी प्लसमध्ये आली गं काल. तिकडं?”

“इकडे अजून नाही, आई. ढग येतात आणि डोंगरावरूनच माघारी जातात.”

“येईल. हवा कोंदली की येतोच.”

ती उजनीबद्दल सोयरिकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलते, आणि तिच्या आवाजात माया आणि राग दोन्ही असतात. आमचं मूळ गाव त्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरण १९८० साली पूर्ण झालं. आजोबा पुनर्वसनाच्या जमिनीवर आले आणि शेवटपर्यंत जुन्या विहिरीचं नाव घेत राहिले. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, तेव्हा आमची माणसं अजूनही ते बघायला जातात.

सकाळी ६.००

शिया बुलवार्डवर गाड्यांची रांग लागते. आमचं गाव शहराच्या पूर्वेला आहे, म्हणून कामाला जाताना सूर्य पाठीशी आणि परतताना मावळताही पाठीशीच. हे इथली घरं महाग असण्याच्या अनेक कारणांपैकी एक असावं असं मला नेहमी वाटतं. डोळ्यांवर ऊन न घेता नोकरी करता येते. माझा नवरा चँडलरच्या चिप कारखान्यात आहे. त्याची गाडी गॅरेजमधून निघते आणि कारखान्याच्या सावलीतल्या वाहनतळात थांबते. सबंध दिवसात त्याच्या अंगाला मोजकी काही मिनिटं ऊन लागतं.

याच वेळी समोरून दुसरी रांग येते. पिकअप ट्रकच्या मागे जाळीची गाडी, त्यात गवत कापायची यंत्रं, पानं उडवायचे ब्लोअर, पाण्याचे नारिंगी पिंप. तलाव साफ करणारे, घरं झाडणाऱ्या बायका, म्हाताऱ्यांच्या सोबतीला येणाऱ्या मुली. मेसाहून, फीनिक्सच्या पश्चिम भागातून ही माणसं येतात. पहिली रांग जिथे जाते तिथे दिवसभर २४ अंश असतात. दुसरी रांग जिथे येते तिथे दुपारी ४५.

सकाळी ७.३०

पहिलं घर. निवृत्त शिक्षिका, उजवा गुडघा बदललेला. दार उघडल्यावर मी आधी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बघते, मग गुडघ्याकडे. जुलैत हा माझा नियम आहे. मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे ज्या जिल्ह्यात फीनिक्स आणि आमचं गाव येतं तिथे, २०२३ साली उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यात निम्म्याच्या जवळपास बेघर माणसं होती. घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे ए.सी. होता, पण तो बंद पडला होता किंवा चालू केलेला नव्हता. एकटं राहणारं माणूस, कमी होत गेलेली तहान, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, आणि त्यात यंत्र बिघडलं, की संध्याकाळपर्यंत शुद्ध हरपू शकते.

बाईंच्या घरी २६ अंश. चांगलं. आम्ही गुडघा वाकवायचा सराव करतो. आज नव्वदच्या पुढे गेला. त्या दुखणं सोसतात, चेहऱ्यावर दाखवत नाहीत. मग वॉकर घेऊन स्वयंपाकघर ते पुढचं दार अशा फेऱ्या. दाराबाहेरच्या लोखंडी कठड्याला हात लावायचा नाही, हे मी त्यांना पुन्हा सांगते. सकाळी आठलाच तो चटका देतो.

सकाळी ९.००

कारंजं सुरू होतं. सकाळी नऊ ते रात्री नऊ, दर तासाच्या ठोक्याला, पंधरा मिनिटं. नेहमी दोन पंप चालतात आणि पाणी शंभर मीटरपर्यंत जातं; खास दिवशी तिसरा पंप जोडला की १७० मीटर. वारा जोराचा असेल तर बंद ठेवतात. गावाच्या बहुतेक खिडक्यांतून ते दिसतं, त्यामुळे सोलापूरकरांचा दिवस जसा एके काळी गिरणीच्या भोंग्याने बांधलेला असे तसा आमचा या पाण्याने बांधलेला आहे. माझे रुग्ण व्यायामाची वेळ त्यावरून ठरवतात.

भोंगा कामगाराला हाक मारायचा. हे कारंजं कुणालाच कामावर बोलावत नाही, ते फक्त सांगतं की नऊ वाजले, आता बाहेरची कामं आटपा. जे आटपू शकतात ते आटपतात. कुत्री घरात येतात, सायकली आत जातात, फिरायला गेलेले परततात. शेजारच्या फीनिक्समध्ये अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी कॅमलबॅकसारख्या डोंगरांच्या पायवाटा दिवसा बंदच ठेवतात, कारण हौशी माणसं चढायला जातात आणि त्यांना उतरवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान आजारी पडतात.

सकाळी १०.३०

दुसरं घर. गृहस्थ ऐंशीच्या घरातले, पूर्वी विमानांची दुरुस्ती करत. पत्रपेटीपर्यंत गेले आणि पाय अडकून पडले. हाड वाचलं, पण उठता येईना. डांबराचा रस्ता इथे दुपारी ७० अंशांच्या वर तापतो. काही क्षणांत कातडी भाजते. मिनिटं गेली तर जखम खोलवर जाते. शेजारच्या बागेत काम करणाऱ्या एका मुलाने त्यांना उचललं म्हणून मांडी आणि कोपर यांवरच निभावलं. दर उन्हाळ्यात फीनिक्सच्या भाजलेल्यांच्या विभागात असे रुग्ण दाखल होतात, आणि त्यांत म्हातारे पुष्कळ असतात.

आम्ही आज पडल्यावर कसं उठायचं ते शिकतो. कुशीवर वळायचं, कोपरावर भार, मग गुडघा. दिवाणखान्यातल्या जाजमावर ते तीनदा करतात. मी त्यांना पत्रं आणायला सूर्य उगवण्याआधी किंवा मावळल्यानंतर जायला सांगते. त्यांना पटतं, कारण त्यांना ते जमण्यासारखं आहे. मी ज्यांना सल्ला देते त्या सगळ्यांना वेळ बदलता येते. ज्याने त्यांना उचललं त्या मुलाला असा सल्ला कुणी देत नाही. दिला तरी त्याच्या हातात काय आहे?

दुपारी १२.००

तिसरं घर रिओ व्हर्डे फुटहिल्समध्ये, गावाच्या उत्तरेला, वाळवंटात सुटी सुटी बांधलेली घरं. इथे आलं की मला मराठवाडा आठवतो. कारण अनेक घरांसमोर जमिनीखाली टाकी आहे आणि ती भरायला टँकर येतो.

हे कसं झालं ते सांगण्यासारखं आहे. १९८० च्या भूजल कायद्यानुसार, फीनिक्स परिसरात नवी वसाहत बांधायची तर शंभर वर्षं पुरेल एवढ्या पाण्याची हमी दाखवावी लागते. पण सहा किंवा जास्त भूखंड पाडले तरच ती वसाहत ठरते. मग बांधणाऱ्यांनी पाचपर्यंतचे तुकडे पाडले, विकले, पुढचे पाडले. हमी कुठेच लागली नाही. ज्यांच्या विहिरींना पाणी लागलं ते सुटले. बाकीची काहीशे घरं स्कॉट्सडेल शहराच्या नळावर भरणाऱ्या टँकरांवर राहिली.

मग स्कॉट्सडेलला पाणी देणारी कोलोरॅडो नदी आटू लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये नदीवर इतिहासात पहिल्यांदा अधिकृत तुटवडा जाहीर झाला आणि २०२२ साठी ॲरिझोनाच्या वाट्यातलं सुमारे १८ टक्के पाणी कापलं गेलं. स्कॉट्सडेलने आपल्या हद्दीबाहेरच्यांना पाणी देणं १ जानेवारी २०२३ पासून थांबवलं. लाखो डॉलरच्या घरांत माणसं कागदी ताटल्यांत जेवू लागली, पावसाचं पाणी संडासात ओतू लागली, आंघोळीला नातेवाइकांकडे जाऊ लागली. टँकर लांबून आणावे लागले आणि दर दुपटीच्या पुढे गेले. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून मार्ग काढला आणि शरद ऋतूत नळ पुन्हा सुरू झाला.

माझ्या रुग्ण बाई त्या महिन्यांबद्दल बोलताना म्हणतात, पैसे होते पण पाणी मागायला दार नव्हतं. आटपाडी, माण, जत इथल्या बायकांना हे नवं नाही. फरक एवढाच की त्यांना हंडा घेऊन रांगेत उभं राहावं लागलं, आणि तेही भर दुपारी, कारण टँकरची वेळ त्यांच्या हातात नव्हती. इथे पाणी गेलं तेव्हाही कुणी उन्हात उभं राहिलं नाही. टँकरचालक राहिला. नळी जोडून टाकी भरेपर्यंत तो आजही बाहेर उभा होता, ट्रकच्या सावलीच्या पट्ट्यात.

दुपारी १.४५

गाडीतच जेवण. ए.सी. चालू, मांडीवर डबा, शेपूची भाजी आणि पोळी. मग रुग्णांच्या नोंदी. परतीच्या मॅकडॉवेल माउंटन रस्त्यावरून पूर्वेला खाली व्हर्डे नदीची हिरवी रेघ दिसते: कॉटनवुड, मेस्किट, विलो. ती जमीन फोर्ट मॅकडॉवेल यावापाई राष्ट्राची आहे. १९०३ साली त्यांना ही राखीव भूमी मिळाली, सुमारे शंभर चौरस किलोमीटर.

आमच्या नळाचं पाणी मुख्यतः कोलोरॅडो नदीचं. लेक हवासूपासून ५४१ किलोमीटरचा कालवा ते वाळवंट ओलांडून आणतो आणि वाटेत सुमारे ८८० मीटर वर उपसतो. १९७३ मध्ये काम सुरू झालं, १९९३ मध्ये पूर्ण. त्याच योजनेत मुळात ऑर्म नावाचं धरण होतं, व्हर्डे आणि सॉल्ट नद्यांच्या संगमाजवळ. ते झालं असतं तर यावापाईंची बहुतेक सगळी भूमी, शेतं आणि स्मशानं पाण्याखाली गेली असती. त्यांना मोठा मोबदला देऊ केला होता. १९७६ साली त्यांनी मतदान घेतलं: १४४ विरुद्ध ५७ मतांनी नकार. सप्टेंबर १९८१ मध्ये म्हातारे, बाया, मुलं तीन दिवस चालत फीनिक्सच्या विधान भवनापर्यंत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने धरणाचा नाद सोडला. दर नोव्हेंबरला ते हा विजय साजरा करतात.

मी पहिल्यांदा हे वाचलं त्या दिवशी आईला मुद्दाम फोन केला होता. काही शे माणसांच्या एका जमातीने ‘आम्ही उठणार नाही’ म्हटलं आणि ती जिंकली, हे तिला दोनदा सांगावं लागलं. मग ती म्हणाली, “तुझ्या आजोबांना हे कळायला पाहिजे होतं.” आमच्या मुळशीत १९२१ साली शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले होते आणि हरले होते. व्हर्डेकाठची झाडं बघताना मला ते सगळे आठवतात. फाउंटन हिल्सला ऑर्म धरण नसतानाही पाणी मिळालं. म्हणजे दुसरा मार्ग असतो. तो शोधला जावा म्हणून कुणाला तरी नकार द्यावा लागतो.

दुपारी ३.१५

घरी येते. बाहेर ४५. आमच्या वसाहतीच्या सामायिक बागेत चार माणसं झुडपं छाटत असतात. डोक्यावर टोपी, तिच्याखाली ओला पंचा, पूर्ण बाह्यांचे शर्ट. मी बर्फाचं पाणी आणि मीठ-साखरेची पुडी घेऊन जाते. त्यांचा मुकादम मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातला, पन्नाशीचा. मला थोडं स्पॅनिश येतं, त्याला माझ्याहून बरं इंग्रजी.

मी विचारलं, आमच्याकडे तुम्ही नेहमी दुपारीच का येता?

तो म्हणाला, “आम्ही दिवसाला चार वसाहती करतो. तुमच्या करारात लिहिलंय, आठच्या आधी यंत्रं चालवायची नाहीत. दुसऱ्यांना पाचला चालतं. म्हणून तुम्ही शेवटी.”

एवढंच. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आमच्या सकाळच्या झोपेसाठी चार माणसं ४५ अंशांत उभी होती, आणि आमच्यापैकी कुणी तसं ठरवून केलेलं नव्हतं. आम्ही फक्त आमची वेळ निवडली होती. मला वाटतं, या गावाच्या सुबत्तेचं सगळ्यात खरं माप हेच आहे. घराच्या किमतीत किंवा तलावाच्या लांबीत ते दिसत नाही. कोणत्या तासाला कुठे असायचं हे ज्याला ठरवता येतं तो इथे सधन. ज्याला येत नाही त्याला दुसऱ्यांनी टाकलेले तास मिळतात.

दुपारी ४.००

विजेचे महाग तास सुरू होतात. सगळी व्हॅली घरी परतते आणि ए.सी. एकदम चढतात, म्हणून दुपारी उशिरापासून संध्याकाळपर्यंतचा दर चढा. आमचं घर दुपारी दोनलाच नेहमीपेक्षा दोन अंश जास्त थंड करून ठेवलेलं असतं. मग यंत्र सातपर्यंत फारसं चालत नाही. इथेही तेच: ज्याला घर दिवसभर बंद ठेवता येतं आणि आधीच थंड करता येतं त्याला बिल कमी. चांगल्या भिंती, दुहेरी काचा असाव्या लागतात. पत्र्याच्या फिरत्या घरात राहणाऱ्याला ही युक्ती उपयोगाची नाही, थंडावा तिथे टिकतच नाही.

ही वीज येते कुठून, तर बरीचशी फीनिक्सच्या पश्चिमेच्या पालो व्हर्डे अणुवीज केंद्रातून. त्याच्याजवळ नदी नाही, समुद्र नाही. ते शहरांचं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरून थंड ठेवलं जातं. वाळवंटात पाणी एकदा वापरून सोडून देण्याची चैन कुणाला नाही, हे या राज्याने फार नीट ओळखलं आहे. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पाण्याच्या थेंबाचा जो हिशेब आम्ही ठेवतो तोच उन्हात घालवलेल्या माणसाच्या तासांचा ठेवला पाहिजे.

संध्याकाळी ६.३०

एचओएची, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीची मासिक सभा. अकरा घरांचे लोक, थंड खोली, लिंबाचं सरबत. तलावाच्या फरश्या, दाराचा नवा कोड, मग इतर विषय. मी हात वर केला.

मी तीन गोष्टी मांडल्या. मे ते सप्टेंबर बागेचं काम पहाटे पाचपासून करू द्यावं आणि अकरापर्यंत संपवावं. त्यासाठी कंत्राटदाराला जास्त माणसं लावावी लागली तर फरक आपण भरावा, त्यांच्या मजुरीतून कापला जाऊ नये. आणि क्लबघराची खोली, पाणी आणि संडास काम करणाऱ्यांना खुला असावा. आधार म्हणून सांगितलं की फीनिक्स शहराने २०२४ साली आपल्या कंत्राटदारांवर सावली, पाणी, विश्रांती आणि थंड जागा देण्याचं बंधन घातलं आहे. ते शहराच्या कामांपुरतं आहे, आपल्यासारख्यांवर कुणाचंच बंधन नाही. म्हणून आपणच घालून घेऊ.

एका शेजाऱ्याने आक्षेप घेतला: ते रात्रपाळी करतात, पाचला ब्लोअर चालला तर झोपणार कधी? आक्षेप खरा होता. सकाळी पाच ते सात फक्त हाताने छाटणी, झाडणी आणि ठिबकच्या नळ्यांची दुरुस्ती. यंत्रं सातनंतर, असं ठरलं. वर्गणी किती वाढेल असं दुसऱ्याने विचारलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, आकडा मागवू. सकाळच्या माझ्या शिक्षिकाबाई वॉकर घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, आकडा काहीही आला तरी माझं मत हो आहे. हात मोजले, ठराव झाला. क्लबघराची खोली उद्यापासूनच उघडी राहणार.

रात्री ८.००

सूर्य साडेसातला गेला. नवरा परतला आहे. ज्वारीचं पीठ फीनिक्सच्या भारतीय दुकानात मिळतं, म्हणून भाकरी आणि पिठलं. जेवणानंतर दोघं परसात बसतो. हवा अजून ३९ अंशांची. २०२३ च्या जुलैत फीनिक्सचं महिनाभराचं सरासरी तापमानच ३९ अंशांच्या वर गेलं होतं. सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर होतं आणि १९ जुलैला रात्रीचं किमान तापमान ३६ च्या खाली उतरलं नाही.

त्या उन्हाळ्यात व्हॅलीतले सग्वारो कोसळले. सग्वारो म्हणजे हात वर केलेल्या माणसासारखा दिसणारा, इथला ओळखीचा उंच निवडुंग. त्याला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. तो दिवसा आपली रंध्रं मिटून घेतो आणि रात्री गारव्यात उघडतो. तेव्हाच हवा आत घेतो. रात्री गार झाल्याच नाहीत तर त्याला श्वास घ्यायला तासच उरत नाही, आणि शतकभर जगलेलं झाड आतून सडून पडतं. या वाळवंटातला प्रत्येक जीव वेळ निवडून जगतो. लावे पहाटे निघतात, कोल्हे रात्री, साप संधिप्रकाशात. वेळ निवडता आली नाही की इथे कुणीच टिकत नाही.

रात्री ९.००

कारंज्याची शेवटची पंधरा मिनिटं. नंतर गाव अंधारात जातं. रस्त्यावरचे दिवे कमी आणि खाली झुकवलेले. २०१८ पासून आमच्या गावाला ‘गडद आकाशाचं गाव’ असा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. इतक्या मोठ्या शहराला खेटून असूनही इथून तारे दिसतात, कारण काही रहिवाशांनी वर्षानुवर्षं सभांमध्ये उभं राहून एकेक दिवा बदलायला लावला. म्हणूनच मला सभांवर विश्वास आहे.

झोपण्याआधी वहीत उद्याची कामं लिहिते: पहिलं घर ७.३०, दुसरं ९.३०. त्याआधी, पाच वाजता, मुकादमाला क्लबघराची किल्ली द्यायची. कंत्राटदाराला पत्र पाठवायचं आणि मजुरी न कापण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यायची, कारण तोंडी कबुली ऑगस्टपर्यंत टिकत नाही. मुकादमाकडेच असलेल्या शेजारच्या दोन वसाहतींच्या अध्यक्षांना ठरावाची प्रत द्यायची. त्यांनी तो मान्य केला तर त्याच्या चारपैकी तीन वसाहती अकराच्या आत येतील. चौथीचं काय करायचं, ते त्यालाच विचारून ठरवू.